सखू परत येते का?

“आधी ते पिस्तूल काढा तिथनं,” गुरुजी म्हणाले. “कावळा काय, गिधाडसुद्धा फिरकायचं नाही.”

पिस्तूल म्हणजे खरं तर केस वाळवायचं यंत्र होतं. त्याला चंदेरी रंग मीच दिला होता, मंडळात होतो तेव्हा. बाळासाहेब खैरमोड्यांनी ते पिंडाशेजारी, जिलबी आणि कांदाभजी यांच्या मधोमध, मोठ्या भक्तिभावानं मांडलं होतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काय काय पिंडापाशी ठेवतात, ते मलाही माहीत आहे. पण म्हणून पिस्तूल?

“कप्तानांचं आवडतं हत्यार आहे ते, गुरुजी.”

“मग घरी भिंतीवर टांगा.”

बाळासाहेबांनी पिस्तूल उचलून जाकिटाच्या खिशात कोंबलं. एप्रिलचं ऊन, संगम माहुलीचा तापलेला घाट, आणि या गृहस्थांच्या अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं निळं जाकीट. छातीवर ध्रुवताऱ्याचा बिल्ला. मागं मंडळातले नदाफ, त्यांच्याही अंगात तेच जाकीट. आणखी दहाएक जण तसेच. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुठल्या तरी बँडवाल्याचा दहावा आहे.

दहावा होता मुरलीधर फरांद्यांचा. टेलिफोन खात्यातनं निवृत्त झालेले, साध्या अंगकाठीचे, पण आवाज असा की रिसीव्हर न उचलताही कराडला ऐकू जावा. साताऱ्यात त्यांना सगळे कप्तान म्हणायचे. मी एकटा फरांदे म्हणायचो, कारण आमचं भांडण होतं. भांडण एका सिनेमावरनं होतं, आणि ते आठ वर्षं चाललं. हसू नका. माणसं बांधाच्या वितीसाठी कोर्टात जातात, आमचा निदान विषय तरी मोठा होता.

टीव्हीवर पूर्वी ‘ध्रुवयान’ नावाची मालिका लागायची. मराठी माणसं आकाशात. यानाच्या भिंती प्लायवूडच्या, आणि कुणी जोरात शिंकलं की मागचे तारे हलायचे. पण आम्हाला वेड लागलं होतं. कप्तान रुद्र दर शुक्रवारी विश्व वाचवायचा. आणि दर भागात एकदा, ऐन धामधुमीत, यानाच्या स्वयंपाकघराची झडप उघडायची आणि सखू नावाची स्वयंपाकीण डोकं बाहेर काढायची.

“कप्तान, पान वाढू का?”

“आधी विश्व वाचवू, सखू. मग जेवू.”

झडप बंद. आम्ही खूश. लग्नाच्या पंगतीत लोक हे वाक्य एकमेकांना म्हणायचे. फरांद्यांनी तर ‘ध्रुवयान रसिक मंडळ’ काढलं, दर महिन्याला त्यांच्याच घरी बैठक. शिरताना म्हणायचं “ध्रुव अढळ”, आतल्यानं म्हणायचं “आपण अढळ”, मग चपला काढायच्या. सिंधूवहिनी, म्हणजे फरांद्यांच्या मंडळी, एक भलामोठा स्टीलचा थर्मास भरून चहा आणायच्या, कपात ओतून प्रत्येकाच्या हातात द्यायच्या. मधेच दारात येऊन विचारायच्या, “पानं घेऊ का?” की फरांदे बोट वर करून म्हणायचे, “आधी विश्व वाचवू!” आम्ही टाळ्या वाजवायचो. दर महिन्याला हाच विनोद आणि दर महिन्याला टाळ्या.

मालिका संपली, बरीच वर्षं गेली, आणि एक दिवस सिनेमा आला: ‘सखूची स्वारी’. मालिकेतलं एवढंसं पात्र उचललं आणि तिच्यावर अख्खा सिनेमा काढला. कप्तान त्यात दिसतच नाही, नुसता रेडिओवर आवाज. मंडळात आग लागली. “स्वयंपाकिणीवर सिनेमा! उद्या यान झाडणाऱ्यावर काढतील!” ठराव झाला की मंडळानं सिनेमा बघायचा नाही. आधी कप्तानांनी एकट्यानं बघावा आणि निवाडा द्यावा. “विष मी चाखतो,” फरांदे म्हणाले. गेले पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला. एकटे नाही, वहिनींना घेऊन, पाण्याची बाटली आणि स्वेटर धरायला कुणी तरी लागतं म्हणून.

संध्याकाळी निवाडा आला. “गरज नव्हती.”

मी ठराव मोडून तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन आलो. मला सिनेमा आवडला. मी पेंटर माणूस, पाट्या रंगवणारा. एक तर त्यातल्या यानाच्या बारक्या नावेला रंग नीट दिला होता. दुसरं कारण मला तेव्हा सांगता आलं नाही. मंडळात वादसभा ठेवली होती, ‘सखूची स्वारी: काढायची गरज होती का?’ फरांदे तासभर बोलले. त्यांचा मुद्दा एकच आणि बिनतोड: “शेवटी सखू यानावर परत येते. कप्तानाची माफी मागते, पान वाढते. म्हणजे जिथनं निघाला तिथंच आला! मग अडीच तास कशाला घेतले आमचे?”

मी उठलो. “परत येत नाही ती.”

“काय?”

“सखू परत येत नाही. मी बघितलाय.”

मंडळाचा ठराव मोडला हे अशा रीतीनं मी स्वतःच्या तोंडानं जाहीर केलं. पण फरांद्यांना राग त्याचा आला नाही. “येते!” ते गरजले. “मी धडधडीत बघितलंय. तू झोपला असशील!”

मग काय, ती येते, येत नाही, येते, येत नाही. बाकी कुणी सिनेमा बघितलेला नाही, त्यामुळं सगळे कप्तानांच्या बाजूनं. माझा बिल्ला काढून घेतला. सिनेमा आठवडाभरात उतरला, कॅसेट निघाली नाही, पडताळायची सोयच राहिली नाही. फरांदे भेटतील तिथं, मंडईत, बँकेत, मयतीला, लांबनं ओरडायचे, “पोतदार, येते हां!” मी ओरडायचो, “येत नाही!” त्यांनी गाडीच्या नंबरप्लेटचं काम दुसऱ्या पेंटरकडं नेलं. पुढं पुढं माझीच मला शंका यायला लागली. आपण खरंच झोपलो होतो का?

आणि ते गेले तेव्हा मला एकदम रिकामं वाटलं. भांडायला तसा माणूस परत मिळत नाही. वहिनींचा फोन आला, “भावजी, दहाव्याला तुम्ही यायचं. मंडळाचं काय असेल ते असू द्या.” म्हणून मी घाटावर उभा होतो, बिनबिल्ल्याचा, सगळ्यांच्या मागं.

पिस्तूल काढलं तरी कावळा येईना.

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर चांगले सात-आठ बसले होते, पण बघायचे आणि मान फिरवायचे. फरांद्यांचा मुलगा उमेश, मुंडण केलेला, ओल्या पंच्यात, हात जोडून उभा होता. पुण्याला नोकरीला होता बिचारा, त्याला हे काही जमत नव्हतं.

“बोला,” गुरुजी म्हणाले. “त्यांच्या मनात काय राहिलं असेल ते बोला. शब्द द्या.”

“बाबा, आईला सांभाळीन.”

कावळा ढिम्म.

“बाबा, घराचा हप्ता वेळेवर भरीन. आणि… आणि दाढी वाढवणार नाही.”

एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास धरला. तो शेजारच्या दुसऱ्याच कुणाच्या पिंडावर जाऊन बसला आणि पोटभर जेवला. तिकडची माणसं आनंदानं उठली.

“माझ्या भावाचं काही तरी राहिलंय,” ताराक्का म्हणाल्या. ताराक्का म्हणजे फरांद्यांची थोरली बहीण, कोरेगावची. पदर कमरेला, आवाज भावासारखाच. “मला विचाराल तर घरातच राहिलंय. बाईमाणसानं विचारलं का त्याला कधी, तुला काय पाहिजे, काय नको? नुसतं चहा आणि चहा.”

सिंधूवहिनी पायरीवर बसल्या होत्या, शेजारी तोच थर्मास. घाटावर वेळ लागतो, माणसं उन्हातान्हात येतात, म्हणून शेजारणीनं भरून दिला होता.

“दोन तास झाले,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या मागं आणखी दोन कुटुंबं थांबली होती. “असं करू. दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे.”

“दर्भाचा?” ताराक्का कडाडल्या. “म्हणजे माझा भाऊ अडकून राहिला असं सगळ्या कोरेगावात व्हायचं? ज्या बाईच्या नवऱ्याला गवताचा कावळा लावला तिला कुणी पंगतीला तर सोडाच, दारात उभं करत नाहीत. मी तर तिच्या घरचं पाणी पिणार नाही. सांगून ठेवते.”

वहिनींनी तेव्हा वर बघितलं. तोंड उतरलं होतं. मला ताराक्कांचा असा राग आला की ते पिस्तूल खरं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यात बाळासाहेब खैरमोडे, मंडळाचे चिटणीस, घाम पुसत म्हणाले, “वहिनी, जरा चहा मिळेल का?”

नवऱ्याच्या दहाव्याला, पिंडासमोर. आणि वहिनी उठल्या! थर्मासचं झाकण तळव्यानं दाबून उलटं फिरवलं, कप भरले, निळ्या जाकिटांना एकेक नेऊन दिला. मलाही दिला. मीही घेतला, ते लपवून काय करायचंय.

चहा पोटात गेल्यावर बाळासाहेबांचं डोकं चाललं. ते एकदम पिंडापाशी गेले आणि खणखणीत म्हणाले, “ध्रुव अढळ!”

“आपण अढळ!” मंडळ ओरडलं. पिंपळावरचे निम्मे कावळे उडून गेले.

“अहो, काय चाललंय?” गुरुजी.

“थांबा गुरुजी. कप्तानांचं काय राहिलंय ते आम्हाला माहीत आहे.” बाळासाहेबांनी हात जोडले. “कप्तान, मंडळ शब्द देतं. ‘सखूची स्वारी’ हा सिनेमा काढायची गरज नव्हती. आम्ही तो कधीही बघणार नाही. फुकट दाखवला तरी.”

उरलेले कावळे ढिम्म.

“गरज नव्हती असं तरी कसं म्हणायचं?” नदाफ हळूच म्हणाले. नदाफ घड्याळं दुरुस्त करायचे, स्वभावानं मवाळ. “म्हणजे… बघितलेला नाही ना आपण.”

“नदाफ! घाटावर फितुरी?”

“फितुरी नाही हो. पण एखाद्याला आवडलाही असेल.”

“मालिका होती कप्तानाची. कप्तान काढला की राहिलं काय? भांडी!”

“भांडी तर भांडी. त्या यानावर जेवायचे की नाही सगळे?”

“विश्व वाचवणं महत्त्वाचं का पिठलं?”

मागच्या कुटुंबातला एक म्हातारा पुढं येऊन विचारायला लागला, “कंचा पिच्चर म्हणायचा ह्यो?” गुरुजींनी कपाळाला हात लावला. उमेश तसाच हात जोडून उभा, त्याच्या ओल्या डोक्यावर ऊन चकाकत होतं.

आणि मग बाळासाहेबांची नजर माझ्यावर पडली.

“हा!” ते म्हणाले. “ह्याच्यात अडकलाय त्यांचा जीव! साऱ्या साताऱ्यात कप्तानांना एकच माणूस खोटं पाडत होता. दवाखान्यातसुद्धा त्यांनी मला विचारलं, पोतदार कबूल झाला का? आजच्या आज ह्यानं पिंडापुढं म्हणायचं की सखू परत येते. कावळा शिवला नाही तर मी हे जाकीट नदीत टाकतो.”

सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. नदाफही म्हणाले, “पोतदार, एक वाक्य तर आहे. म्हणून टाका.”

आता खरं सांगतो, मी काही हरिश्चंद्र नाही. धंद्यात रोज दहा जणांना ‘उद्या देतो’ म्हणून सांगतो. पण हे एक वाक्य मी आठ वर्षं म्हटलं नव्हतं. बिल्ला गेला, मित्र गेले, नंबरप्लेटी गेल्या, तरी म्हटलं नव्हतं. माझ्याकडं दुसरं होतं तरी काय? पण पायरीवर वहिनी बसल्या होत्या, आणि ताराक्का मोठ्यानं म्हणत होत्या, “दर्भाचा कावळा! आमच्या सात पिढ्यांत झाला नाही.” म्हटलं, जाऊ दे. मेलेल्या माणसाशी कसली चुरस. त्या बाईला इथनं मानानं घरी जाऊ दे.

मी पुढं गेलो. चपला काढल्या. पिंडापुढं हात जोडले. “फरांदे,” मी म्हणालो, “तुमचंच खरं. सखू…”

“थांबा, भावजी.”

वहिनी उठून आल्या होत्या. “खोटं बोलू नका. निदान नदीवर तरी.”

त्या पिंडासमोर बसल्या, मांडी घालून, जशा ताटावर वारा घालायला बसाव्यात तशा.

“अहो,” त्या पिंडाला म्हणाल्या, “तुम्ही झोपला होता.”

कुणाला काही समजलं नाही. “कोण झोपलं होतं?” बाळासाहेबांनी विचारलं.

“हे. सिनेमाला. रात्रपाळी करून आले होते. पडद्यावर नावं यायला लागली आणि यांची मान माझ्या खांद्यावर. मध्यंतरात उठले, दोन वडे खाल्ले, परत झोपले. घोरतसुद्धा होते. मागच्यानं दोनदा शुक शुक केलं.”

नदाफांच्या नाकातनं हसू फुटलं, ते त्यांनी शिंक म्हणून खपवलं. बाळासाहेबांचं तोंड उघडंच.

“मग रिक्षात मला म्हणाले, सिंधू, शेवटी काय झालं गं? मंडळाला सांगायचंय. मी म्हटलं, परत येते. माफी मागते आणि पान वाढते.”

“वहिनी!” मी ओरडलोच. मला घाटाचं, पिंडाचं, कशाचं भान राहिलं नाही. “अहो, आठ वर्षं! का पण?”

वहिनी माझ्याकडं वळल्या. “तुमचं नुकसान झालं, भावजी. मला समजत होतं. दर बैठकीला चहा देताना तुमची जागा रिकामी दिसायची. पण मला तो सिनेमा इतका आवडला होता हो, की रिक्षात सारखं रडू येत होतं. खरं सांगितलं असतं तर यांनी विचारलं असतं, तुला का गं एवढं रडू आलं? काय सांगणार होते मी? घरी आक्का उतरलेल्या. कणीक मळायची होती. म्हटलं, परत येते म्हणावं, म्हणजे विषय संपला. मला काय ठाऊक, हे त्यावर तासभर भाषण करतील.”

“म्हणजे तू नवऱ्याशी खोटं बोललीस!” ताराक्का पुढं आल्या. “बघा! म्हणूनच शिवत नाही तो! मी म्हणतच होते, घरात राहिलंय!”

“असेल, आक्का,” वहिनी म्हणाल्या. “म्हणूनच आता खरं सांगते. मधे बोलू नका.”

ताराक्का गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं त्याआधी कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

वहिनींनी पदर सारखा केला आणि फरांद्यांना सिनेमा सांगायला सुरुवात केली.

“ऐका. ती सखू असते ना, तिच्या स्वयंपाकघराला खिडकीच नसते. इतकी वर्षं आकाशात राहते, पण तिनं आकाश बघितलेलं नसतं. झडप उघडून विचारायचं आणि झडप लावायची, एवढंच. तर एक दिवस मीठ संपतं. कप्तानाला सांगते, तो म्हणतो, आधी विश्व वाचवू. मग ती काय करते, यानाला ती बारकी नाव असते ना अडीअडचणीची, ती सोडवते आणि निघते मीठ आणायला. पदर खोचून. चालवता येत नसते हं. मिक्सरसारखी बटणं असतात, त्या अंदाजानं दाबत जाते.”

“बरोबर,” मी म्हणालो. “हिरवी नाव. कडेला पिवळा पट्टा.”

“हिरवी. आणि बाहेर पडते आणि तिला पहिल्यांदा दिसतं. सगळं. ती किती तरी वेळ काही बोलतच नाही. थेटरात पण कुणी बोलत नव्हतं. तुम्ही तेवढे घोरत होता.”

गुरुजी आमच्यामागं पायरीवर येऊन टेकले. “पुढं काय झालं?” ते म्हणाले.

पुढं वहिनींनी सगळं सांगितलं. मिठाचा ग्रह, तिथली उन्हावर जगणारी माणसं, ज्यांना भूकच लागत नाही. त्यामुळं ती सखूला स्वयंपाकाचं काही विचारत नाहीत, विचारतात, तू येताना वाटेत काय बघितलंस? तिला आधी सांगताच येत नाही. कुणी विचारलेलं नसतं ना कधी. मग एकदा बोलायला लागते ती थांबतच नाही. वहिनीही थांबत नव्हत्या. इतकी वर्षं मी त्या घरात गेलो, पण त्यांना सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज चांगला होता त्यांचा. उमेश जोडलेले हात सोडून आईकडं बघत खाली बसला. निळी जाकिटं बसली. मागची दोन कुटुंबं सरकून जवळ आली, आणि तो म्हातारा कानामागं हात धरून बसला.

“मग मीठ घेऊन ती निघते. वाटेत रेडिओ वाजतो. कप्तानाचा आवाज. सखू, विश्व वाचवलं. कुठं आहेस? पान वाढ.”

“परत येते,” बाळासाहेब अभावितपणे पुटपुटले. नदाफांनी त्यांना कोपर मारलं.

“ती मिठाच्या पुडीकडं बघते. यान समोर दिसत असतं, दिवे लागलेले. तिला राग नसतो आलेला बरं का. मला तेच आवडलं. रागावून गेली असती तर काय, दोन दिवसांनी आलीच असती. ती रेडिओचं बटण दाबते, आणि अगदी सरळ, आपण रोज बोलतो तशी बोलते.” वहिनी थांबल्या. समोर पत्रावळीवर भात होता, जिलबी होती, भजी होती. त्याकडं बघून त्या म्हणाल्या, “सगळं काढून ठेवलंय. आपलं आपण वाढून घ्या.”

गुरुजी पायरीवरनं पुढं सरकले.

“आणि?” गुरुजींनी विचारलं.

“आणि नाव वळवते.”

“कुठं जाते?”

“ते दाखवत नाहीत. नुसते तारे दिसतात,” वहिनी म्हणाल्या. “आणि ते हलत नव्हते.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, म्हणजे चांगलं घळघळा आलं. मी बरोबर होतो म्हणून नाही. तेही थोडं होतं. पण मला त्या सिनेमात काय आवडलं होतं ते मला आठ वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून समजलं होतं, आणि ज्याला जाऊन सांगावं तो माणूस पत्रावळीपलीकडं होता.

“आई,” उमेश एकदम म्हणाला. “आई, पिंड!”

आम्ही सगळ्यांनी बघितलं. भाताचा माथा गायब. शितं घाटभर विस्कटलेली. जिलबीचा पत्ता नाही. पिंपळाच्या खालच्या फांदीवर एक दांडगा कावळा बसला होता आणि जिलबीच्या पाकानं चिकटलेली चोच फांदीला घासत होता.

“कधी शिवला?” ताराक्कांनी विचारलं.

तीन तास सगळा घाट ज्याच्यासाठी तिष्ठत बसला होता, तो येऊन पोटभर जेवून गेला, आणि बघितलं कुणीच नव्हतं. ताराक्कांनी गुरुजींकडं पाहिलं.

“माझंही लक्ष शेवटाकडं होतं,” गुरुजी म्हणाले. “पण शिवला. हे काय, दिसतंय ना. चला, उठा, आंघोळी करून घ्या.”

ताराक्कांनी जाऊन वहिनींना दंडाला धरून उठवलं. मग जरा वेळानं, हळूच, विचारलं, “त्या मिठाचं काय केलं गं तिनं?”

“ठेवलं असेल जवळ,” वहिनी म्हणाल्या. “लागतंच की.”

माणसं पांगायला लागली. मी वाकून विस्कटलेल्या भातापाशी गेलो आणि म्हणालो, “येत नाही, फरांदे.” पलीकडनं उत्तर आलं नाही. मला ते फार लागलं.

बाळासाहेब अजून पायरीवरच बसून होते. जाकिटाची चेन उघडलेली, खिशातनं पिस्तुलाची वायर लोंबत होती. एवढ्या वर्षांचा मंडळाचा ठराव डोळ्यांदेखत कावळ्यानं खाल्लेला. भेदरलेला माणूस सवयीचं तेच बोलतो, तसं ते वहिनींकडं बघून म्हणाले, “वहिनी, जरा चहा…”

वहिनी नदीकडं निघाल्या होत्या. वळल्या नाहीत.

“थर्मासात आहे,” त्या म्हणाल्या. “आपलं आपण घ्या.”

बाळासाहेबांनी थर्मास ओढला आणि झाकण फिरवायला लागले. फिरेना. नदाफांनी घेतला, घड्याळजीची बोटं त्यांची, त्यांनाही जमेना. मग मी बघितलं. दहा-बारा जणांत तो थर्मास हातोहात फिरला. इतकी वर्षं त्यातला चहा प्यालो आम्ही, पण ते झाकण कसं उघडतं, हे मंडळात एकालाही माहीत नव्हतं.